एका उड्डाणाला एकच प्रश्न

कोकणात विमान बनवायला घेतलं की आधी ते उतरवायला जागा शोधावी लागते. आमचं कॉलेज कणकवलीकडचं. मैदान आहे, पण एका अंगाला विजेच्या तारा आणि दुसऱ्या अंगाला काजूची बाग. शेतं बघावीत तर सगळी उताराची, मेरेमेरेने खाली गेलेली. किनाऱ्यावर सपाट पुळण मिळते, पण इथल्या वाळूत काळे लोहयुक्त कण असतात. ते मोटरच्या चुंबकांना जाऊन चिकटतात आणि मोटर करकरायला लागते. शिवाय रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायची वेळ झाली की पुळणीवर माणसंच माणसं. मालवण-वेंगुर्ल्याकडचा बराच पट्टा चिपी विमानतळाच्या आसपास येतो. २०२१च्या ऑक्टोबरात तो सुरू झाला, तेव्हापासून तिथे मनाला येईल तसं काही उडवता येत नाही. उरला सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार.

आमच्यातल्या एकाचं गाव देवगड तालुक्यात. नांदगाव तिठ्यावरून देवगडच्या रस्त्याला लागायचं आणि पुढे फाटा घेऊन चढ चढायचा. वर जांभ्याचं लांबरुंद पठार, पश्चिमेला ते एकदम तुटतं आणि खाली समुद्र. उतारावर हापूसच्या बागा, तळाशी माडांत लपलेली वाडी. पावसाळा सरला की सड्यावर गुडघाभर गवत असतं आणि नोव्हेंबरात ते पिवळं पडून वाळतं. विमान पोटावर उतरवायचं असेल तर याहून चांगली गादी नाही. गवत कापून नेलं की मात्र खाली उघडा कातळ उरतो, आणि तो थर्माकोल कानशीसारखा खरवडून काढतो. म्हणून हंगाम ठरून गेला. पावसाळाभर बांधणी करायची, दिवाळीनंतर उडवायचं.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प होता. ठरल्या वाटेने आपलं आपण फिरेल, खालचे फोटो काढेल आणि परत येईल असं मानवरहित विमान करायचं. चार पंख्यांचं ड्रोन आम्ही मुद्दाम घेतलं नाही. ते नुसतं हवेत राहण्यासाठी सतत बॅटरी जाळतं. पंखावर तरंगणारं विमान तेवढ्याच बॅटरीत कितीतरी जास्त जमीन पालथी घालतं. सरांची अट एकच होती, तयार किट आणायचं नाही. आणि त्यांनी एक वही हातात दिली. उड्डाणाआधी तीत एक प्रश्न लिहायचा, उतरल्यावर उत्तर. प्रश्न सुचत नसेल तर विमान गाडीतून बाहेर काढायचं नाही. एका उड्डाणात दोन प्रश्न घातले तर उत्तर कुठल्या प्रश्नाचं आलं ते कळत नाही, असं ते म्हणायचे. वही सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, आणि या सगळ्या प्रकल्पात मला सर्वात जास्त शिकवलं ते त्या वहीने.

परवानगीचं आधी सांगते, कारण बरीच मुलं तिथेच गोंधळतात. २५ ऑगस्ट २०२१ला ड्रोन नियम जाहीर झाले. त्यात वजनावरून वर्ग आहेत. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, तिथून २ किलोपर्यंत मायक्रो, मग २५ किलोपर्यंत स्मॉल, आणि पुढे मोठे. आमचं विमान सगळं धरून १३०० ग्रॅम, म्हणजे मायक्रो. सरकारी ड्रोन नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवता येतं. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते आणि त्याच्या आत परवानगीशिवाय नाही. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना संशोधनासाठी काही सवलती आहेत, पण त्यासाठी उड्डाण स्वतःच्या आवारात किंवा ताब्यातल्या मोकळ्या जागेवर व्हावं लागतं. सडा काही कॉलेजचा नव्हता. सातबारा काढला तर तो सामाईक, नावंच नावं, त्यातली निम्मी माणसं मुंबईला. मित्राच्या आजोबांनी एकेकाला फोन लावून संमती मिळवली, ती कागदावर घेतली, आणि ग्रामपंचायत व पोलीस ठाणे या दोन्ही ठिकाणी पत्रं दिली. किनाऱ्यालगत अनोळखी वस्तू आकाशात दिसली की लोक साहजिकच बिथरतात. पत्राची प्रत आम्ही कायम गाडीत ठेवायचो. सड्यावर कातळशिल्प नाही ना, हेही गावातल्या जाणत्या माणसांबरोबर फिरून बघून घेतलं. आमच्या भागात अशी चित्रं गवताखाली असतात आणि त्यांच्यावर विमान उतरवणं किंवा गाडी नेणं मला तरी पटलं नसतं.

बांधणी जुलैत सुरू झाली. पंखासाठी क्लार्क वाय हा १९२२चा छेद, म्हणजे पंख आडवा कापला तर दिसणारा आकार, घेतला. जाडी रुंदीच्या ११.७ टक्के, आणि खालची बाजू पुढचा भाग सोडला तर सपाट. सपाट बाजू टेबलावर ठेवून काम करता येतं, आणि कमी वेगालाही तो पंख सहज वर उचलतो. नवख्यांनी याच्या पलीकडे जाऊ नये. पंखाची लांबी टोकापासून टोकापर्यंत १४० सेंटिमीटर, रुंदी २२. म्हणजे क्षेत्रफळ साधारण ०.३१ चौरस मीटर. १३०० ग्रॅम वजनाला हिशेब केला तर सेकंदाला साडेसात-आठ मीटर, म्हणजे ताशी २८ किलोमीटरच्या आसपास, वेगाच्या खाली पंख दम सोडणार, विमान उचलून धरणार नाही. हा आकडा आम्ही विमानाच्या पेटीवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवला.

थर्माकोलचा ठोकळा गरम तारेने कापतात. नायक्रोमची तार धनुकलीला ताणून बांधायची, १२ व्होल्ट सोडायचे, आणि ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना चिकटवलेल्या प्लायच्या साच्यांवरून ती दोघांनी मिळून ओढायची. दोघांचा वेग सारखा लागतो. एक जण थांबला की तार तिथल्या तिथे खड्डा पाडते. साच्यावर दहा खुणा करायच्या आणि प्रत्येक खुणेला तोंडाने आकडा म्हणायचा. ‘तीन... चार... पाच’ असं म्हणत आम्ही तार ओढायचो आणि वर्कशॉपभर जळक्या थर्माकोलचा वास पसरायचा. खिडक्या उघड्या ठेवाव्याच लागतात, तो धूर चांगला नाही. पंखात आडवी कार्बनची नळी घातली आणि वरून तपकिरी पॅकिंग टेप ताणून लावली. टेपने पंख ताठ होतो, हे हातात घेतल्याशिवाय खरं वाटत नाही. धड केलं जाहिरातीच्या फलकांना वापरतात त्या पन्हाळी प्लास्टिकच्या पत्र्याचं.

पोटाची पट्टी कशी करायची हा प्रश्न राहिला होता. कातळावर घासत उतरायचं तर तिथे काहीतरी टणक हवं. बंदरावर फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेलो. आमचा बेत थेट पंखाखाली फायबर चढवायचा होता. काकांनी पंखाचा तुकडा हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाले, “पोरांनू, ह्या रेझिन थर्माकोलार लावशात तर थर्माकोल रवाचाच नाय.” मग ब्रशने एक थेंब तुकड्यावर सोडला. थेंब पडला तिथे पांढरा दाणा आधी चमकला, मग ओला झाला आणि बघता बघता आत बसत गेला. मिनिटभरात बोट जाईल एवढं भोक. होड्यांसाठी पॉलिएस्टर रेझिन वापरतात, त्यात स्टायरीन असतं, आणि थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीनच. एक दुसऱ्यात विरघळतं. एपॉक्सी रेझिनने तसं होत नाही. हे पुस्तकात शोधलं असतं तर सापडलंही असतं, पण त्या भोकात बोट घातल्यावर ते जन्मभर लक्षात राहील. काकांनी तोडगाही काढून दिला. पीव्हीसी पाइपच्या अर्ध्या गोलाईवर मेण लावून त्यांनी फायबरच्या मॅटचे दोन थर टाकले. हार्डनर किती, ब्रश कसा टोचत न्यायचा, हवेचा फुगा कसा बाहेर काढायचा, सगळं आमच्याकडून करून घेतलं. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटी करून आणली आणि धडाच्या पोटाला स्क्रूने बसवली. आजपर्यंत त्या पट्टीला काही झालेलं नाही.

आतलं सामान साधंच. २२१२ची ब्रशलेस मोटर, ३० अँपिअरचा वेगनियंत्रक, दहा इंची पंखा, तीन सेलची २२०० मिलिअँपिअर-तासाची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, आणि पंख-शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या चार छोट्या मोटरी, म्हणजे सर्व्हो. ऑटोपायलटसाठी आर्डुपायलट घेतलं. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, जगभरच्या लोकांनी मिळून वाढवलेलं आणि फुकट. टेलिमेट्रीचे, म्हणजे विमानाची माहिती जमिनीवर पाठवणारे, रेडिओ घेताना मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. बाजारात सर्रास ९१५ मेगाहर्ट्झचे मिळतात. आपल्याकडे विनापरवाना वापरासाठी खुला पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आहे, रेडिओ त्यातच बसवून घ्यावा लागतो. सर्किटांवर खाऱ्या हवेसाठी पारदर्शक नेलपॉलिशचा हात फिरवला, कनेक्टर आणि हवेच्या दाबावरून उंची मोजणाऱ्या बॅरोमीटरचं भोक तेवढं सोडून.

मोटरचा जोर वजनकाट्यावर मोजला. लाकडी काटकोनाच्या एका टोकाला मोटर, दुसरं टोक काट्यावर टेकलेलं. भरलेल्या बॅटरीवर साडेआठशे ग्रॅमच्या जवळपास ओढ मिळाली, बॅटरी उतरत आली की ती कमी होते. वजनाच्या दोन तृतीयांश ओढ म्हणजे सावकाश, रुंद चढ. सरळ वर काढायला गेलात तर पडणार. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून सहा सेंटिमीटरवर आणला, बॅटरी पुढेमागे सरकवत, दोन बोटांवर विमान तोलून.

आणि मग सडा.

पहिल्या पानावर प्रश्न होता, ‘मोटर बंद ठेवून हातातून सोडलं तर सरळ जातं का?’ गवताच्या उतारावर वाऱ्याच्या तोंडाला धावत जाऊन सोडायचं, एवढंच. सुरुवातीला नाक वर काढून बसकण मारत होतं. बॅटरी थोडी पुढे घेतल्यावर लांब, शांत तरंगत गेलं आणि पोटावर सरकत थांबलं. मोटर न लावता एवढं कळतं, तर लोक हा टप्पा का गाळतात ते मला समजत नाही. नंतर मोटरवर पहिलं उड्डाण. हातातून सोडताना पंख्याच्या फिरण्याची उलट पीळ विमानाला डावीकडे कलवते. म्हणून मोटर आधीच दोन-तीन अंश उजवीकडे वळवून बसवलेली होती. चालवणारा मित्र सिम्युलेटरवर महिनोन्महिने बसलेला. त्याने ते वर नेलं, एक रुंद वळण घेतलं आणि त्याचे हात थरथरताना मी बघितले. ऑटोपायलट या उड्डाणात नुसतं बघत आणि नोंदत होतं, ढवळाढवळ करत नव्हतं.

त्यानंतर हळूहळू एकेक काम त्याच्याकडे सोपवलं. उंचावर नेऊन मोटर कमी करत पंख दम कधी सोडतो ते बघितलं. गणितातला आकडा आणि लॉगमधला, म्हणजे ऑटोपायलटने नोंदलेला, आकडा जवळ आले तेव्हा वहीत मी त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या. मग विमान सरळ ठेवण्याचं काम ऑटोपायलटला दिलं. त्याआधी जमिनीवर एक तपासणी दर वेळी व्हायची, आणि तिला कधीही फाटा द्यायचा नाही. विमान हातात धरून उजवीकडे कलवायचं. उजव्या पंखाचं एलेरॉन, म्हणजे मागच्या कडेची झडप, खाली आणि डाव्याचं वर गेलं पाहिजे, म्हणजे ते विमान परत डावीकडे आणतंय. उलटं झालं तर हवेत गेल्या गेल्या ते स्वतःला पालथं घालेल. पुढे ऑटोट्यून. त्यात ट्रान्समीटरची काठी पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, मग वर-खाली अशी झटक्याने पुन्हा पुन्हा न्यायची, आणि विमान आपलं आपण शिकतं की किती धक्क्याला किती उत्तर द्यायचं. बघणाऱ्याला वाटतं विमान पिसाळलंय.

सड्याच्या वाऱ्याबद्दल मात्र सावकाश सांगायला हवं, कारण आमच्या सगळ्या चाचण्या त्यानेच आखून दिल्या. पहाटे मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे, मंद आणि गार. ऊन तापलं की तो मरतो. मग काही काळ पानही हलत नाही. आणि नंतर खारा वारा येतो, समुद्राकडून, आणि दुपारभर वाढत जातो. शाळेच्या पाठ्यपुस्तकात हे असतं. पण कड्यावर उभं राहिल्यावर त्याचा आणखी एक भाग कळतो. समुद्रावरून आलेली हवा कड्याला आपटून वर चढते. तिथे घारी पंख न हलवता तासन्‌तास लटकलेल्या असतात. कड्याच्या काठापासून आत आलं की तीच हवा उलटी गुंडाळत खाली पडते. म्हणजे काठावर उचल, आणि काठामागे आपट. आमची उतरायची पट्टी पहिल्यांदा नेमकी त्या आपटीच्या भागात आखली होती. जागा तिथेच सर्वात सपाट होती. लॉगमध्ये दर उतरण्याच्या वेळी त्याच ठिकाणी उंची एकदम दोन-तीन मीटरने ढासळलेली दिसायची, मोटर तेवढीच असताना. पट्टी पुष्कळ आत घेतली आणि ते थांबलं.

सड्यावर गुरं चारणारे एक आजोबा रोज असायचे. लांब काठी, डोक्याला टॉवेल. आमचं विमान हवेत असताना त्यांनी एकदा नुसतं म्हटलं, “वारो फिरलो. आता थांबा वायच.” आमच्या काठीवरची रिबीन अजून लोंबत होती. आम्ही उतरवलं, आणि पेटी बंद करेपर्यंत पश्चिमेकडून पहिली झुळूक आली. कसं कळलं विचारलं तर त्यांनी समुद्राकडे हात केला. लांबवर पाण्याचा रंग बदललेला होता, गडद पट्टा किनाऱ्याकडे सरकत होता. त्या दिवसापासून एकाने समुद्राकडेच बघायचं असं ठरलं.

दुसरी काळजी आगीची. वाळलेलं गवत, खाली लाखोंच्या बागा, आणि आमच्या विमानात लिपो बॅटरी. ती ठेचली, टोचली गेली तर पेट घेऊ शकते. वणव्याने एका रात्रीत कलमं जळून गेल्याची दुःखं आमच्या जिल्ह्यात दर उन्हाळ्यात ऐकू येतात. उतरायच्या पट्टीभोवतीचं गवत आम्ही आधी कापून घेतलं. दोन बादल्या वाळू, भिजवलेली गोणपाटं आणि पाण्याचे कॅन असल्याशिवाय उड्डाण नाही. आणि बागांवरून जायचं नाही, अशी कुंपणाची रेघ ऑटोपायलटमध्येच घातली.

ती तयारी कामाला आली. विमान आपलं आपण सरळ उडत असताना, वळणातून बाहेर येता येता नाक खाली गेलं आणि ते गेलंच. गवताच्या पट्ट्यात घुसलं. दोघं बादल्या घेऊन धावले. बॅटरी एका कोपऱ्यात फुगलेली होती, ती लांब नेऊन वाळूत पुरली आणि एक जण तिच्यावर लक्ष ठेवत बसला. पंखा तुटलेला, नाक चेपलेलं. कुणी म्हणालं झोत लागला असेल, कुणी म्हणालं ऑटोपायलटने घात केला, रेडिओ तुटला.

संध्याकाळी मित्राच्या घरी ओटीवर लॅपटॉप उघडला. आलेखात दोन रेषा बघायच्या असतात. विमानाने नाक किती वर धरावं असं ऑटोपायलटला वाटत होतं ती एक, आणि प्रत्यक्षात किती होतं ती दुसरी. तोपर्यंत दोन्ही एकमेकींना चिकटून चाललेल्या. मग एका क्षणी पहिली वर गेली, पंधरा अंशांपर्यंत, आणि दुसरी खाली, उणे वीस. तिसरी रेषा सर्व्होला दिलेल्या हुकमाची. ती वरच्या टोकाला जाऊन टेकलेली होती. म्हणजे ऑटोपायलटला पडणं कळलं होतं, नाक वर घे असा पूर्ण हुकूमही त्याने दिला होता, फक्त एलेव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप, हललं नव्हतं. रेडिओचा संपर्क शेवटपर्यंत व्यवस्थित, झोताची काही खूण नाही. एलेव्हेटरचा सर्व्हो उघडला. आतल्या प्लास्टिकच्या चाकाचे दात तुटून तळाशी पडले होते. ऑनलाइन घेतलेला, स्वस्तातला सर्व्हो. त्या रात्री चारही सर्व्हो धातूच्या दातांचे घ्यायचं ठरलं आणि पैसे कुठून उभे करायचे यावर जेवण होईपर्यंत चर्चा झाली. लॉग नसता तर आम्ही ऑटोपायलटच्या आकड्यांशी खेळत बसलो असतो आणि दुसरं विमानही घालवलं असतं.

होकायंत्राचा घोळ वेगळाच. कॉलेजात नीट जुळवून घेतलेलं होकायंत्र सड्यावर जमिनीवर ठेवलं की भरकटायचं, ऑटोपायलट ‘कंपास व्हेरियन्स’ म्हणून इशारा द्यायचं. कमरेइतकं वर उचललं की इशारा गायब. जांभ्यात लोहाची संयुगं भरपूर असतात, त्यावरूनच त्याला तो तांबडा रंग. राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे इथे कातळशिल्पापाशी होकायंत्राची सुई भलतीकडे वळते हे आम्ही ऐकून होतो, त्यामुळे संशय लगेच कातळावर गेला. सुदैवाने पंखाच्या विमानाला होकायंत्र नसलं तरी चालतं. ते सतत पुढे जात असतं, जीपीएसवरून दिशा काढता येते. आम्ही होकायंत्र बंदच केलं आणि प्रश्न मिटला. चार पंख्यांच्या ड्रोनला हे इतक्या सहज जमलं नसतं.

हवेचा वेग मोजणाऱ्या पिटो नळीचीही निगा लागते. पडवीत ठेवलेल्या विमानाच्या नळीच्या तोंडाशी कुंभारीण माशी मातीचं घर बांधायला लागलेली आमच्या मैत्रिणीने बघितली, म्हणून वाचलो. तेव्हापासून नळीवर लाल टोपण, आणि उड्डाणाआधी फुंकर मारून आकडा हलतो का बघायचा.

संपर्क तुटल्यावर विमान परत येतं का, हा प्रश्न लिहिला तेव्हा सगळे गप्प होते. विमान नजरेसमोर, उंच, मोकळ्या सड्यावर असताना ट्रान्समीटर मुद्दाम बंद करायचा. मित्राने बटण दाबलं. विमानाने आधी तिथेच घिरटी घेतली, मग सरळ आमच्या दिशेने वळलं आणि डोक्यावर शंभर मीटरवर गोल फिरत राहिलं. हातात काही नसताना ते असं फिरताना बघणं मला पहिल्या उड्डाणापेक्षाही मोठं वाटलं.

शेवटी फोटोंची फेरी. नव्वद मीटर उंचीवरून आमच्या कॅमेऱ्यात जमिनीची १२० मीटर रुंद आणि ९० मीटर लांब चौकट येते. शेजारच्या ओळींचे फोटो ६५ टक्के एकमेकांवर यायला हवेत, म्हणून ओळींमध्ये ४२ मीटर अंतर. पुढच्या-मागच्या फोटोंत ८० टक्के, म्हणजे दर १८ मीटरला एक फोटो. कागदावर हे सोपं आहे. पण विमानाचा हवेतला वेग सेकंदाला १३ मीटर, आणि खारा वारा ६. वाऱ्याच्या तोंडाला जाताना जमिनीवरचा वेग ७ होतो, पाठीला वारा घेतला की १९. कॅमेऱ्याला दोन फोटोंमध्ये किमान सव्वा सेकंद लागतो, आणि १९च्या वेगाने १८ मीटर सेकंदाच्या आत संपतात. म्हणून ओळी पूर्व-पश्चिम न ठेवता किनाऱ्याला समांतर, दक्षिणोत्तर आखल्या. वारा दोन्ही वेळी बाजूने. विमान नाक जवळजवळ २७ अंश समुद्राकडे वळवून तिरकं चालतं, पण वेग जाताना-येताना सारखाच, साडेअकराच्या आसपास. त्या तिरक्या चालीने ओळीमागून ओळ संपवत ते गेलं तेव्हा कुणी कुणाशी बोलत नव्हतं, मी पडद्यावर फक्त बॅटरीचा आकडा वाचत होते.

फोटो जोडून झालेला नकाशा मोठ्या कागदावर छापून गावात नेला. आम्हाला त्यात विमानाची अचूकता बघायची होती. गावकऱ्यांनी चष्मे लावून गडगे शोधले. सड्यावरचे ते दगडी बांध वरून स्पष्ट दिसतात, गवतात लपलेलेसुद्धा. “हो गडगो आमच्या आज्यान घातलेलो,” असं म्हणत मित्राच्या आजोबांनी एका रेघेवर बोट ठेवलं, शेजारच्यांनी ती रेघ पुढे कुठे वळते त्यावर हरकत घेतली, आणि दोघंही कागदावर वाकून बराच वेळ बोलत राहिले. पावसाळी पाण्याची तळी, जुनी पायवाट, सगळ्यांची नावं त्यांनी सांगितली, ती आम्ही नकाशावर लिहून घेतली.

आता आपलं आपण उतरण्याचं काम बाकी आहे. जीपीएस आणि बॅरोमीटरची उंची वीस मिनिटांत दोन-तीन मीटर इकडेतिकडे होते, आणि उतरताना तेवढ्या फरकाने विमान एकतर आपटतं किंवा पट्टी ओलांडून जातं. म्हणून जमिनीचं अंतर मोजणारा छोटा लेझर पोटाखाली, फायबरच्या पट्टीच्या मागे बसवला आहे. त्याच्या चाचण्या मे महिन्यातच उरकायच्या आहेत. तेव्हा सडा उघडा असतो. गवत वाढलं की लेझरला गवताचा शेंडा आणि कातळ यातला फरक कळत नाही.